मदत हवी आहे : आईसाठी आत्मचरित्रं सुचवा

नमस्कार मंडळी. माझी आई ७४ वर्षांची आहे. मार्चमध्ये तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन वर्षांनी तिने पुन्हा पुस्तक हातात घेतलं. घरात आम्हा सगळ्यांनाच त्याचा फार आनंद झालाय.

कादंबऱ्यांत तिचं मन रमत नाही. "खऱ्या माणसाचं काहीतरी आण," म्हणते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर तिची जुनी मैत्रीण. त्यातले वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचता वाचता ती स्वतःच्या आजेसासूंच्या आठवणींत शिरते, मग स्वयंपाक तसाच राहतो. सुनीता देशपांडे यांचं १९९० साली आलेलं 'आहे मनोहर तरी' वाचून दोन दिवस गप्प होती. दया पवारांचं 'बलुतं' मी आणून दिलं, तेव्हा "हे इतक्या उशिरा का दिलंस?" असं म्हणाली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'ही झालंय.

आता पुढे काय देऊ? नर्स, शिक्षिका, शेतात राबलेल्या बायका, अशांनी स्वतः लिहिलेलं असेल तर फारच उत्तम.

आणखी एक अडचण आहे. लायब्ररीतल्या जुन्या प्रती पुन्हा बाइंडिंग केलेल्या असतात. ओळींची टोकं शिवणीत जातात, आई अंगठ्याने पान दाबून धरते आणि थोड्याच वेळात तिचं मनगट दुखायला लागतं. म्हणून मोठ्या टाइपातली, वजनाला हलकी आवृत्ती माहीत असेल तर पुस्तकाच्या नावासोबत प्रकाशकाचंही नाव कळवाल का?