कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह का? इंग्रजीतला व्हॉइस तुम्हाला कसा उमगला, लिहा

लातूरला शिकवणीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. 'चेंज द व्हॉइस' म्हटलं की पोरांचे पेन धावतात. ऑब्जेक्ट पुढं, सब्जेक्ट मागं, मधे 'बाय', क्रियापदाचं तिसरं रूप. पण त्याच पोरांना 'आमच्या विहिरीवरची मोटार काल चोरीला गेली' एवढं इंग्रजीत सांगा म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात. शेवटी कुणीतरी 'अ थीफ स्टोल अवर मोटर' म्हणतो. व्याकरणात चूक नाही, पण चोर कोण हे पोलिसांनाही माहीत नाही. त्याला वाक्याच्या तोंडाशी कशाला आणायचा?

मला वाटतं, घोळ मराठीच्या तासालाच सुरू होतो. कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असं कुणीतरी सांगून टाकतं आणि भावे प्रयोगाचं नावही काढत नाही. 'आईनं भाकरी केली' हा आपल्याकडं कर्मणी. इंग्रजीत मात्र 'मदर मेड भाकरी', म्हणजे चक्क ॲक्टिव्ह. मग पोरगं गोंधळणार नाही तर काय?

तुमचं कुठं अडलं, कशानं सुटलं आणि पुढं कामाला कुठं आलं, ते लिहा. तक्ते नकोत, ते गाइडात आहेत.

उदगीर, बँकेत नोकरी

आमच्या भागात 'मी अभ्यास केलो', 'मी चहा पिलो', 'मी त्याला सांगितलो' असंच बोलतात. पुण्याला होस्टेलवर यावरून लई टर उडायची. 'केलो काय रे, केला म्हण!' आता प्रमाण मराठीत अभ्यास पुल्लिंगी म्हणून 'केला', भाकरी असती तर 'खाल्ली'. क्रियापद कर्माच्या मागं जातं. आमच्या बोलीत ते करणाऱ्याच्या मागं येतं. शेजारी कानडी आणि तेलुगू, त्याचा हा परिणाम असं म्हणतात.

गंमत म्हणजे इंग्रजीला हीच बोली कामाला आली. 'आय डिड', 'आय ड्रँक', 'आय टोल्ड हिम'. मधे कर्मणीची भानगडच नाही, त्यामुळं पॅसिव्ह ही निराळीच चीज आहे हे मला लवकर कळलं. ज्यांनी टर उडवली ते 'आय वॉज ड्रँक टी' लिहीत होते, हेही इथं नोंदवून ठेवतो.

आता रोजचा पॅसिव्ह म्हणजे बँकेचा मेसेज, 'युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड'. म्हातारी माणसं मोबाईल घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, 'सायेब, पैशे काढले कुणी?' मेसेजात 'बाय' नसतो ना.

जिंतूर तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

सर, तुमचं मोटारीचं उदाहरण वाचून राहवलं नाही. मी सातवीला हा धडा गावातल्या डीपीवरून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून शिकवते. पुस्तक बाजूला. 'काल काय झालं ते सांगा रे.' पोरं ओरडतात, 'डीपी जळाला! वायरमनला बोलावलं! वरून तार तोडली! दुसऱ्या दिवशी नवा बसवला!' मी सगळं फळ्यावर मराठीतच लिहिते आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून विचारते, 'कोण?'

कुणी बोलावलं? पोरं म्हणतात, 'कुणी म्हंजे? गावानं!' पण वाक्यात 'गावानं' आहे का? नाही. मराठीला ते चालतं. 'चोराला पकडलं', 'रस्ता केला', 'बोअर पाडला' एवढं म्हटलं की भागतं, कर्ता सांगितला काय नि नाही काय. इंग्रजीत सब्जेक्टची जागा रिकामी ठेवता येत नाही. नुसतं 'कॉल्ड द वायरमन' म्हटलं तर ऐकणारा 'हू?' विचारतो. मग करणारा सांगायचा नसेल तर त्या जागी वायरमनलाच उभं करायचं, 'द वायरमन वॉज कॉल्ड'. 'अ न्यू ट्रान्सफॉर्मर वॉज फिटेड'. इथं उलटापालट करायला आधीचं ॲक्टिव्ह वाक्यच नसतं. पोरं थेट पॅसिव्ह तयार करतात, आणि 'बाय' लिहायची वेळच येत नाही.

राहिलं पहिलं वाक्य, 'डीपी जळाला'. इथं मी थांबते, कारण खरी मेख इथं आहे. आपल्याकडं जोड्या आहेत: जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी करतं. पहिल्या गटातल्या वाक्याला पॅसिव्ह करायचं कारणच नाही, 'द ट्रान्सफॉर्मर बर्न्ट आउट' म्हटलं की झालं. 'तार तोडली' मात्र 'द वायर वॉज कट'. हा फरक डोक्यात बसला की 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' लिहिणं बंद होतं. 'अपघात झाला होता' यातल्या 'होता'ला पोरं 'वॉज' जोडतात, म्हणून ती चूक होते. 'हॅपन'ला ऑब्जेक्ट नाही, आणि ऑब्जेक्टच नाही तर पुढं कुणाला आणणार?

अधिकारी तपासणीला आले की पुस्तकातली वाक्यं घेते. ती काही वाईट नाहीत, पण उंदीर-मांजर आणि राम-आंबा यांत 'करणारा माहीत नाही' अशी वेळच येत नाही.

परभणी, कृषी पदव्युत्तर

एम.एस्सी.च्या प्रबंधात मी सगळीकडं 'आय' लिहिलं होतं. 'आय सोड सोयाबीन', 'आय ट्रीटेड द सीड'. मार्गदर्शकांनी सगळे 'आय' लाल पेनानं खोडले आणि समासात फक्त 'पीक महत्त्वाचं, तू नाही' एवढं लिहिलं. मग झालं 'द सीड वॉज ट्रीटेड विथ रायझोबियम', 'द क्रॉप वॉज सोन ॲट अ स्पेसिंग ऑफ ४५ बाय ५ सेंटिमीटर'. कारण उघड आहे. त्या प्लॉटवर पेरणी मी केली काय किंवा मजुरानं केली काय, दुसऱ्या कुणी तसंच करून बघितलं तर तेच निघालं पाहिजे. म्हणून 'मटेरियल अँड मेथड्स' हा भाग बहुतेक भूतकाळी पॅसिव्हमध्येच असतो. अलीकडं बऱ्याच नियतकालिकांना 'वी' चालतो, हेही सांगायला हवं.

आपली कृषी पत्रकं बघा, 'बीजप्रक्रिया करावी', 'पेरणी वाफशावर करावी'. त्यातही शेतकऱ्याचं नाव कुठंच नसतं. हे आमच्या लक्षात कुणी आणून दिलं असतं तर लाल शाई वाचली असती.

वाळूज एमआयडीसी, क्वालिटी विभाग

परभणीच्या मित्राला जोडून उलटी बाजू सांगतो. कारखान्यात पॅसिव्ह म्हणजे लपायची जागा. ग्राहकाकडून तक्रार आली की कारण लिहून द्यावं लागतं. लाइनवरचं पोरगं लिहितं, 'द बोल्ट वॉज नॉट टाइटन्ड'. इंग्रजी बिनचूक! पण ग्राहकाचा माणूस फोनवर विचारतो, कुठल्या स्टेशनवर, कुठल्या शिफ्टला, टॉर्क, म्हणजे बोल्ट किती घट्ट आवळलाय ते, कुणी तपासायचा होता? आता मी नव्या मुलांना सांगतो, मशीनच्या नोंदवहीत 'बेअरिंग वॉज रिप्लेस्ड' चालेल, कारण तिथं बेअरिंगची गोष्ट आहे आणि खाली सही असतेच. पण जबाबदारी ठरवायची असेल तिथं 'ऑपरेटर शाल चेक' असं माणूस पुढं ठेवूनच लिहायचं.

इंग्रजीची भीती अजून आहे, बोलताना अडखळतोच. पण रिपोर्ट माझा परत येत नाही.

नांदेड

आमच्या घरी दखनी, म्हणजे इकडची उर्दू. 'मैं रोटी खाया', 'हम बोले', 'ने'चं फार काही नाही. शाळेत हिंदीच्या बाईंनी 'मैंने रोटी खाई' शिकवलं, मराठीत 'मी पोळी खाल्ली', आणि पाचवीपासून इंग्रजी. उदगीरच्या भाऊंचं वाचून हसू आलं, आम्ही एकाच नावेतले. मला व्हॉइस कधी जडच गेला नाही, 'द रोटी वॉज ईटन'मधला 'वॉज' बघूनच कळायचं की आता खाणारा मागं गेला.

बीड, स्पर्धा परीक्षेची तयारी

सगळे तक्त्याच्या मागं लागलेत म्हणून लिहितो. मला एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. तिथं डीपी आणि वायरमन आठवत बसलो तर पेपर सुटेल. 'इज'चं 'इज बीइंग', 'हॅज'चं 'हॅज बीन', हे पाठच पाहिजे. 'नोन'च्या पुढं 'टू', 'फिल्ड'च्या पुढं 'विथ', हेही पाठच. 'ओपन द डोअर'चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' जगात कुणी बोलत नसेल, पण पर्यायात तेच असतं आणि मार्क त्यालाच मिळतो. मॅडम, तुमची पद्धत चांगली आहे, पण ती सातवीला. आमचं वय निघून चाललंय.

अंबाजोगाई, निवृत्त मराठी शिक्षक

लातूरच्या सरांनी मराठीच्या तासावर ठपका ठेवला, म्हणून दोन शब्द. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कुणाच्या लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे बदलतं यावरून. कर्त्याप्रमाणे बदललं तर कर्तरी, कर्माप्रमाणे तर कर्मणी, दोन्हीकडं बघत नसेल तर भावे. 'पोलिसांनी चोराला पकडलं' हा भावे. इंग्रजीतला व्हॉइस ठरतो तो सब्जेक्टच्या जागी कोण बसलंय यावरून. मोजायच्या पट्ट्याच दोन आहेत. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणात प्रयोगांची चर्चा चांगली विस्तारानं आहे. शिक्षकांनी ती एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही.

इंग्रजीच्या पॅसिव्हशी खरी जुळते ती आपली 'मारला गेला', 'सांगितलं जातं', 'बांधण्यात आला' ही रचना. तीसुद्धा आपण बोलताना क्वचितच वापरतो, वर्तमानपत्रात आणि सरकारी पत्रात जास्त. जुन्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी एकाच शब्दातली कर्मणी रूपं होती. संतवाङ्मय वाचणाऱ्याला ती ओळखीची आहेत. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त शाळेत ती चुकीच्या खणात टाकली जाते. कर्मणी शिकवणारा शिक्षक चुकत नाही. त्याला पॅसिव्हची चिठ्ठी चिकटवणारा चुकतो, आणि तो बहुधा इंग्रजीचा असतो!

हिंगोली, पालक

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, चौथीला. तिला 'आय वॉज बॉर्न इन हिंगोली' येतं, तो पॅसिव्ह आहे हे तिला माहीतही नाही. मला कळतं पण बोलता येत नाही. तिच्यासोबत बसून मीही शिकतेय. जिंतूरच्या ताईंची जोड्यांची युक्ती आज घरी करून बघते, काच फुटली आणि काच फोडली, दोन्ही आमच्याकडं रोज होतं.

बीड, पुन्हा

गुरुजी, पट्ट्यांचं पटलं. एक अडलंय. 'गावात पाइपलाइनचं काम दोन महिन्यांपासून चालू आहे', याचं पॅसिव्ह कसं करायचं? माझ्या तक्त्यात त्या काळापुढं, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसपुढं, फुली आहे.

लातूर, धागा सुरू करणारा

फुली बरोबर आहे. नियमानं 'हॅज बीन बीइंग लेड' होईल, पण बोलताना-लिहिताना ते जवळपास कुणी वापरत नाही, म्हणून परीक्षेतही तो काळ बदलायला देत नाहीत. 'द पाइपलाइन इज बीइंग लेड' म्हणा, किंवा कालावधी सांगायचाच असेल तर 'द वर्क हॅज बीन गोइंग ऑन फॉर टू मंथ्स'. दुसऱ्यात पॅसिव्ह नाही, 'काम चालू आहे' यातही नाही. आणि गुरुजी, चिठ्ठीचा आरोप मान्य. सोमवारी वर्गात डीपीवरूनच सुरुवात करतो. आमच्याकडं तो परवाच जळालाय.