मदत हवी आहे: बोकडाच्या काळजात पाण्याचे फोड निघालेत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी खानावळ आहे. आज तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी मटण आणलं, सोबत काळीज. चिरायला घेतलं तर आत लिंबाएवढे दोन फोड. सुरी लागताच स्वच्छ पाणी उडालं आणि पांढरी, जाडसर पिशवी अख्खी सुटून आली. खाटीकमामा म्हणतात, "तेवढं काढून टाका, बाकी चालतंय की." माझं मन धजत नाही, गिऱ्हाइकांत लहान पोरंही असतात.

मला हे हायडॅटिड (कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीच्या अळीमुळं होणारी पाण्याची गाठ) वाटतंय. माणसाला त्याची लागण काळीज खाऊन नव्हे, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होते. कुत्र्याला मात्र असलं कच्चं काळीज, फुफ्फुस खाऊन होते. म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांना तुकडाही टाकला नाही, खोल पुरलं. एक पिशवी तेवढी डब्यात बंद करून ठेवलीय.

पशुवैद्यक कुणी असाल तर सांगा: हायडॅटिड नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं ओळखता येतं का? 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कत्तलीआधी आणि नंतरही तपासणी लागते, मग हे सुटलं कसं? पिशवी कोल्हापुरात तपासायला कुठं देऊ? मटण फ्रीजमध्ये तसंच आहे, शिजवू का टाकू? संध्याकाळच्या आत सांगा.