लिनक्सवर कोड लिहायला हलका एडिटर: गोवेकरांनो, तुम्ही काय वापरता?

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर मिंट किंवा झुबंटू यांपैकी कुठलं तरी लिनक्स, आणि पायथन नाहीतर सी शिकायची हौस. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशी मंडळी बरीच आहेत, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: लिहू कशात? ‘व्हीएस कोड टाक’ हे उत्तर कोणीही देतो. एडिटर चांगलाच आहे, पण तो इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम ब्राउझर घेऊन चालतो. शेजारी ब्राउझर उघडला की चार जीबीत हलायला जागा उरत नाही.

म्हणून हा धागा. नुसतं नाव लिहून पळू नका. मशीन कसलं, लिहिता काय, आणि तोच एडिटर का टिकला ते सांगा. विम आणि नॅनोवाल्यांनी रागावू नये, टर्मिनलसाठी वेगळा धागा काढू आणि तिथे मनसोक्त भांडू. इथे मेनू आणि माऊसवाले.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी फोंड्याचा, छोट्या दुकानांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहितो, बहुतेक सी आणि पायथन. माझा एडिटर जीनी. २००५ पासून चालू असलेला प्रकल्प, आणि दिसतोही तसाच जुन्या वळणाचा. पण एफ९ दाबलं की बिल्ड, एफ५ दाबलं की प्रोग्राम चालू. कंपायलरने चूक दाखवली की खालच्या पट्टीतल्या त्या ओळीवर क्लिक करायचं, कर्सर थेट कोडमधल्या चुकीवर. डाव्या बाजूला फाइलमधल्या सगळ्या फंक्शनांची यादी. मला एवढंच लागतं. आता तुम्ही लिहा.

साखळी, शाळेत संगणक शिकवते

आमच्या लॅबमध्ये काही मशीन विंडोजची, काही लिनक्सची. जीनी दोन्हीकडे चालतो, त्यामुळे मुलांना एकच पडदा ओळखीचा राहतो. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लसची सवय झालेल्यांनाही तो परका वाटत नाही, कारण आतलं इंजिन दोघांचं एकच, सिंटिला.

पण अगदी नवख्यांना मी जीनी देत नाही, थॉनी देते. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला हा पायथनपुरता एडिटर आहे. प्रोग्राम एकेक पाऊल पुढे नेता येतो आणि प्रत्येक पावलाला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते शेजारी दिसतं. लूप म्हणजे काय हे फळ्यावर समजावून माझा घसा बसायचा. थॉनीत मुलं आकडा बदलताना स्वतः बघतात. राहिलं स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं, ते खालच्या वर्गांना.

इतर शाळांतल्या सरांना एक विनंती: लॅबमध्ये जीनी टाकलात तर इंडेंटला (ओळीआधीच्या मोकळ्या जागेला) टॅब की स्पेस हे प्रेफरन्सेसमध्ये सगळ्या मशीनवर सारखं करून ठेवा. एका मुलाची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि पायथन इंडेंटवरून रुसलं की अख्खा तास त्यातच जातो.

वाळपई, घरून काम

सत्तरीत पाऊस लागला की वीज लपंडाव खेळते. माझा डेस्कटॉप, त्याला बॅटरी नाही, आणि यूपीएस म्हातारा. म्हणून मी केट या एडिटरवर आहे. केट उघड्या फाइलशेजारी एक लपलेली स्वॅप फाइल ठेवतो आणि सेव्ह न केलेले बदल तिच्यात टिपत राहतो. वीज येऊन फाइल पुन्हा उघडली की वर पट्टी येते: बदल परत आणू की टाकून देऊ? आधी काय बदललंय तेही बघता येतं. पावसाळ्यात मला बाकी कुठल्याच सोयीचं कौतुक नाही.

एफ४ दाबलं की खाली टर्मिनल येतं. एडिटरला प्रोग्रामिंग भाषेची समज हवी असेल तर एलएसपी प्लगइन चालू करा, ते भाषेच्या सर्व्हरशी बोलतं. सीसाठी क्लँगडी, रस्टसाठी रस्ट-अ‍ॅनालायझर असे हे सर्व्हर वेगळे टाकावे लागतात. ते चालू केलंत की ‘हलका’ शब्द जरा जपून वापरा बरं का, रॅम मग एडिटर नाही, तो सर्व्हर खातो. एक्सएफसीई डेस्कटॉपवर केट टाकताना केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या लायब्रऱ्यांची वरातही सोबत येते. डिस्क लहान असेल तर आधी बघा.

फोंडा (धागाकर्ता)

वाळपईकर बाब, जीनीतही इलाज आहे. सोबतच येणारं ‘सेव्ह अ‍ॅक्शन्स’ प्लगइन चालू केलं की ठरावीक वेळाने फाइल आपोआप सेव्ह होते, जुनी प्रत वेगळीही ठेवता येते. तुमची स्वॅपची सोय मात्र जास्त नेटकी, मान्य.

ताळगाव पठार, विद्यापीठात भाषेच्या विदेवर (डेटावर) काम

माझ्या फाइलींत कोड थोडा आणि देवनागरी भरपूर, मराठी आणि कोंकणी दोन्ही. इथे ‘हलका’ची परीक्षा निराळी होते. लाइट एक्सएल नावाचा फार देखणा, अगदी काही एमबींचा एडिटर आहे, सी आणि लुआत लिहिलेला. इंग्रजी कोडला सुरेख. पण मी वापरला तेव्हा देवनागरीची जुळणी त्याला जमत नव्हती. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरं फुटलेली. आमच्या कामाला बाद.

जीनी, मिंटचा एक्सेड, माटे डेस्कटॉपचा प्लुमा हे अक्षरजुळणी पँगो या लायब्ररीकडून करून घेतात, केट क्यूटी या लायब्ररीकडून, त्यामुळे जोडाक्षरं नीट दिसतात. अडचण उरते ती रुंदीची. कोडसाठी समान रुंदीचा फाँट लावलेला, त्यात देवनागरी नसते, मग अक्षरं दुसऱ्या फाँटातून येतात आणि सरळ उभे केलेले स्तंभ वाकडे होतात. याला उपाय नाही, मी स्तंभ बघणंच सोडलं. आणि नवख्यांसाठी: पायथनला ‘गोवा’ची लांबी विचारलीत तर तो ४ सांगेल, कारण ओकार आणि काना तो वेगळे मोजतो. एडिटर बिघडलेला नाही!

केटची एक गोष्ट या धाग्यात नोंदवायला हवी. एकाच ओळीत सगळा मजकूर कोंबलेली मोठी जेसन (डेटाची) फाइल त्यात उघडलीत तर १०,००० अक्षरांच्या मर्यादेवर तो ओळ तोडतो आणि फाइल केवळ वाचायला ठेवतो. घाबरू नका, वरच्या सूचनेतच मर्यादा वाढवून पुन्हा उघडायचं बटण असतं.

म्हापसा, हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट

सीझनमध्ये दर बदलायला फोन येतो तेव्हा मी बहुधा बाजारात असते, लॅपटॉप पिशवीत. मला झटपट उघडणारं हवं. केटमध्ये सर्व्हरवरची फाइल एसएफटीपीचा (दूरच्या सर्व्हरशी फाइलींची देवघेव करायच्या पद्धतीचा) पत्ता देऊन थेट उघडते, बदलते, सेव्ह करते. (कृपया ‘गिट वापर’, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं साधन वापर, म्हणू नका, मोठ्या कामांना वापरते. एक आकडा बदलायला नाही.)

त्याआधी अ‍ॅटम वापरायचे. गिटहबने जून २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं सांगितलं आणि १५ डिसेंबरला प्रकल्प गुंडाळला. मधे काही काळ सब्लाइमवर होते. वेगाला तोड नाही, हे कबूल. फुकट वापरायला मुदत नाही, पण सेव्ह करताना अधूनमधून ‘विकत घ्या’ची खिडकी येते, आणि परवाना ९९ डॉलरचा. रोजची भाकरी कोडवर असेल तर घ्यावा, त्यात वाईट काही नाही. माझी भाकरी हॉटेलवाल्यांच्या मूडवर.

वेर्णे, कारखान्यात देखभाल

आमच्या मशीनला नेट नाही, काही टाकायला परवानगीही नाही. एक्सएफसीईबरोबर आलेला माऊसपॅड आहे तोच वापरतो. रंगीत कोड दाखवतो, शोध-बदल करतो. चाललंय.

मडगाव, कंपनीत प्रोग्रामर

थोडं उलट बोलू का? आठ जीबी आणि एसएसडी असेल तर हा संन्यास कशाला? मी व्हीएसकोडियम वापरतो, तोच मुक्त कोड, मायक्रोसॉफ्टची टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीकडे पाठवणं) वगळून बांधलेला. नको ती एक्सटेन्शन काढा, दहा प्रकल्पांच्या दहा खिडक्या उघड्या ठेवू नका, छान चालतो. लोक चाळीस एक्सटेन्शन टाकतात आणि मग जड म्हणून ओरडतात. मात्र चार जीबीवर मीही जीनीच सुचवेन, त्यात वाद नाही.

पेडणे, बीसीएचा विद्यार्थी

धागा वाचून जीनी टाकला. एफ८ (कंपाइल) चालतं, पण एफ५ दाबलं की काहीच होत नाही. खाली टर्मिनल सुरू करता आलं नाही असं काहीतरी येतं.

फोंडा (धागाकर्ता)

जीनी प्रोग्राम बाहेरच्या टर्मिनलात चालवतो, आणि सेटिंगमध्ये ज्या टर्मिनलचं नाव आहे ते तुझ्याकडे नसणार. एडिट, प्रेफरन्सेस, टूल्स इथे जा, टर्मिनलच्या रकान्यात बहुधा एक्सटर्म दिसेल. एकतर एक्सटर्म टाक, नाहीतर तिथे तुझ्या डेस्कटॉपच्या टर्मिनलचं नाव लिही. मागचा भाग तसाच ठेव.

पेडणे

एक्सटर्म टाकला, चाललं. देव बरें करूं!