गठ्ठ्यांच्या उरलेल्या दोऱ्यांचा शेतात व घरात काय उपयोग करावा?

वारणाकाठ (वाळवा, जि. सांगली) – प्रश्न

नमस्कार. आमच्या गोठ्यात लहानमोठी अकरा जनावरे आहेत. ओल्या वैरणीला जोड म्हणून आम्ही गव्हाचे काड आणि सोयाबीनचे भुसकट यंत्राने बांधलेल्या चौकोनी गठ्ठ्यांच्या रूपात घेतो. प्रत्येक गठ्ठ्याला दोन दोऱ्या असतात आणि सोडल्यावर एकेक दोरी साधारण आठ फूट भरते. ज्या घरात अंबाडीच्या वाखाचा वीतभर तुकडाही जपून ठेवला जात असे, त्या घरात वाढल्यामुळे ही केशरी प्लॅस्टिकची दोरी उकिरड्यावर फेकणे माझ्या जिवावर येते. दोन वर्षांत खताची तीन पोती दोऱ्यांनी भरली आहेत.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या गाईचे पोट वारंवार फुगू लागले, रवंथ मंदावला आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. पोटातून नारळाएवढा गुंता निघाला. त्यातील केशरी दोऱ्या आमच्याकडूनच कडबा बांधण्यासाठी नेलेल्या होत्या, हे पाहून मला फार वाईट वाटले. गाय वाचली, पण आता एकही दोरी कोणाला देण्याचा धीर होत नाही. या दोऱ्यांचा सुरक्षित उपयोग कोठे करावा आणि कोठे मुळीच करू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पशुवैद्यक (विटा)

दादा, गाय किंवा म्हैस ओठांनी निवडून खात नाही. जिभेने घास ओढते आणि फारसे न चावताच गिळते. म्हणूनच शेळीच्या तुलनेत असे अपघात गाई-म्हशींमध्ये अधिक आढळतात. प्लॅस्टिकची दोरी पोटाच्या पहिल्या कप्प्यात कुजत नाही आणि लांब असल्यामुळे सहसा पुढेही सरकत नाही; मागाहून गेलेला प्रत्येक तुकडा तिच्याभोवतीच गुंडाळला जातो आणि बाहेरून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक महिने निघून जातात.

माझ्या मते खरा धोका दोरी कापण्याच्या पद्धतीत आहे. घाईच्या वेळी विळ्याने दोरी मध्येच तोडली, की गाठीचा तुकडा भुसकटात पडतो आणि तेच भुसकट कुट्टी यंत्रात गेले, की बोटभर लांबीचे तुकडे वैरणीत असे मिसळतात की डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे दोरी नेहमी गाठीला लागूनच कापावी, गाठीसह अखंड ओढून घ्यावी आणि गठ्ठा फोडण्यापूर्वी दोन्ही दोऱ्या हातात आल्याची खात्री करावी. गव्हाणीजवळच्या खांबाला दोऱ्या लटकावण्याची सवय तर आजच मोडावी, कारण कालवडी त्या चघळत बसतात. वैरणीच्या पोत्याचे तोंड किंवा कडब्याची पेंढी या दोरीने बांधू नये.

द्राक्षबागाईतदार (तासगाव)

आमच्या भागात या दोऱ्यांना मागणी आहे, पण मी स्वतः एका चुकीतून शिकलो. नवीन बागेत वेलीची खोडे बांबूला बांधण्यासाठी मी हीच दोरी वापरली. सुतळी वर्षभरात कुजून गळून पडते, ही दोरी मात्र तशीच राहिली. खोड जाड होत गेले आणि दोरी सालीत रुतली. खरड छाटणीच्या वेळी लक्षात येईपर्यंत चाळीसेक वेलींना गळफास लागल्यासारखी खाच पडली होती. शिवाय छाटणीत निघालेल्या काड्या बारीक करून आपण वेलींच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकतो. त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकचाही भुगा होऊन तो कायमचा जमिनीत जातो.

टोमॅटो, दोडका, कारले अशा तीन-चार महिन्यांच्या पिकांच्या तारकाठीला ही दोरी चालते, मात्र पीक निघाल्यावर ती मोजून परत काढली पाहिजे. रानात राहिलेली दोरी रोटाव्हेटरच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि आत सरकून ऑइल सील खराब करते. उन्हाने ती ठिसूळ होते, बोटांनी चोळताच तिची भुकटी पडते. अशी दोरी पुन्हा कशालाही वापरू नये आणि जाळूही नये. स्वच्छ व कोरडी असेल तर काही भंगारवाले घेतात, चिखलाने माखलेली घेत नाहीत.

मी आता तिचा सर्वाधिक उपयोग ठिबकच्या नळ्यांची वेटोळी बांधून सावलीत ठेवण्यासाठी करतो.

दोरखंड (कोरेगाव, जि. सातारा)

सुट्या दोरीपेक्षा तिचा दोर वळणे मला अधिक उपयुक्त वाटते. नऊ दोऱ्या घेऊन तीन-तीनचे तीन पदर करावेत आणि त्यांचे एक टोक दाराच्या कडीला बांधावे. प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ देत जावे, इतका की सैल सोडताच तो स्वतःभोवती वेटाळू लागेल. मग तिन्ही पदर एकत्र धरून डावीकडे वळावेत. उलटसुलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर उकलत नाही. लांब दोर हवा असल्यास तिन्ही पदरांतील जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. ही दोरी गुळगुळीत असल्यामुळे साधी निरगाठ सुटते, तेव्हा गाठ दुहेरी मारून टोक ज्योतीजवळ क्षणभर धरावे. वितळलेला भाग मात्र बोटांनी दाबू नये, तो कातडीला चिकटतो.

असा दोर ताडपत्री ताणण्यास किंवा फाटकाला अडकवण्यास उत्तम आहे. विहिरीतून पाणी शेंदण्यास, झाडावर चढण्यास किंवा मुलांच्या झोपाळ्यास तो वापरू नये, कारण आतील एखादी दोरी उन्हाने किती कमजोर झाली आहे हे बाहेरून कळत नाही.

वारणाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल तिन्ही पोती अंगणात ओतून दोऱ्या निवडल्या. चोळल्यावर भुकटी पडणाऱ्या दोऱ्या वेगळ्या काढल्या, तरी दोन पोती चांगला माल उरला. गोठ्याच्या दाराबाहेर झाकणाचे पिंप ठेवले असून, गठ्ठा सोडणाऱ्याने दोन्ही दोऱ्या त्यात टाकल्याशिवाय वैरण घालायची नाही, असे घरात ठरले आहे. शेजाऱ्यांकडे उरलेल्या दोऱ्याही परत आणल्या. घरात एक जुनी बाज मोडकळीस आली आहे; ती या दोरीने विणता येईल का?

माणदेश (दहिवडी, जि. सातारा)

अवश्य येते, दादा. माझ्या सासूबाईंची बाज मी दोन वर्षांपूर्वी अशीच विणली. एकेरी दोरी अंगाला काचते, म्हणून आधी तीन दोऱ्यांची सपाट वेणी घालून घ्यावी. गाठी बाजेच्या खालच्या अंगाला येतील अशा बेताने जोडाव्यात. ही वेणी सुंभापेक्षा जास्त ताणते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच बाजेला झोळ पडेल. पायथ्याकडे हातभर जागा न विणता सोडून तेथे ताणाची दोरी वेगळी ओवावी, म्हणजे तेवढीच आवळून पुन्हा घट्ट करता येते. आणि बाज ओसरीवरच ठेवावी, उन्हात नाही.