ताण कामाचा की हतबलतेचा?

'रोज अर्धा तास प्राणायाम करा, ऑफिसचा ताण पळून जाईल' हे मला अर्धंच पटलं. मीही करतो, झोप बरी लागते. पण रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या सकाळी नऊपर्यंत हवंय' असं येऊन पडलं, की तिथे अनुलोम-विलोम काय करणार?

ताण फक्त कामाच्या ढिगाने येत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांवर १९६७ पासून 'व्हाइटहॉल' नावाचा अभ्यास झाला. साहेबांचं डोकं जास्त तापतं, असा आपला समज. निघालं उलटंच! सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वात वरच्यांच्या सुमारे तिप्पट होता, आणि धूम्रपान वगैरेंनी त्यातला थोडाच फरक उलगडला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

आमच्या टीमने मॅनेजरकडून (गोडीगुलाबीने, भांडून नव्हे) एवढंच कबूल करून घेतलं: नवीन काम दिलं, की हातातलं कुठलं मागे ठेवायचं ते त्यांनीच सांगायचं. काम कमी झालं नाही, पण रविवारी संध्याकाळपासून सुरू होणारी धडधड थांबली.

कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याच्या हक्काचं म्हणाल, तर फ्रान्समध्ये तो २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. मी आपला नऊनंतर ग्रुप म्यूट करतो. दोनदा बोलणी खाल्ली, आता कोणी विचारत नाही.