विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धेच्या वेळापत्रकासाठी मदत हवी आहे
मंडळी, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा घ्यायच्या आहेत आणि वेळापत्रक अडलंय. १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या. नागपूरचं ऊन बघता ती शर्यत उजाडताच सोडायची, हे नक्की. पण हातोडाफेक कधी ठेवू? पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा. फेकणाऱ्याभोवती जाळीचा पिंजरा असला तरी ट्रॅकवर मुलं धावत असताना तो फेकू द्यायला माझं मन धजत नाही. शिवाय १०० मीटर आणि लांब उडी, दोन्हींत उतरणाऱ्या मुलींचं काय करता? पहाटेच्या एसटीने गावाहून येणाऱ्या या पोरींची एकही उडी वेळापत्रकापायी हुकायला नको. फेऱ्या मोजणारे अनुभवी पंच ओळखीत असतील तर तेही कृपया सांगा.