मोगलीची मालिका पुन्हा आणायची आहे, स्टुडिओकडे काय घेऊन जाऊ?

वैनगंगाकाठ:
माझं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाला. नव्वदच्या दशकात मोगली बघायला आम्ही दहा-बारा पोट्टे शेजारच्या काकूंकडे जमायचो. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल. मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ची, ५२ भागांची, हे फार नंतर कळलं. किपलिंगच्या मूळ ‘जंगल बुक’ पुस्तकात आमचीच नदी आहे हे त्याहूनही उशिरा.

आता मी स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यावरच्या दृश्यांची क्रमवार चित्रं, काढते. ही मालिका नव्याने यावी असं मनापासून वाटतं, आणि तिच्यात सिवनी-पेंचचं खरं जंगल दिसावं. बारा पानांची मांडणी तयार आहे, पात्रं जुन्या मालिकेसारखीच काढलीत. थेट मेल करू का?

कागदपत्रं आधी:
ताई, थांबा. किपलिंग १९३६ साली गेला. आपल्याकडे आता लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, पण तेव्हा ही मुदत ५० वर्षांची होती, म्हणजे पुस्तक १९८६ अखेरच मोकळं झालं. मालिका मात्र मोकळी नाही. त्यांच्या मोगलीचा चेहरा, त्याचं बूमरँग, किची नावाचा लाल पांडा, हे सगळं पुस्तकाबाहेरचं, त्यांचं आहे. गाण्याचे हक्क आणखी वेगळे. तेव्हा एक तर निप्पॉनची परवानगी मिळवा, नाही तर मूळ पुस्तकावरून आपला मोगली काढा. हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटनेही मोगलीवर स्वतःची थ्रीडी मालिका केली होतीच.

जुना बोर्डवाला:
मी एकदा न विचारता अख्खं बायबल, म्हणजे मालिकेची पात्रं-कथा सगळी मांडलेली वही, एका स्टुडिओला पाठवलं होतं. पाकीट न उघडता परत आलं. वाईट वाटलं, पण कारण नंतर समजलं: बाहेरून आलेली कल्पना वाचली आणि उद्या त्यांचंच काही तसं निघालं, तर भांडण. म्हणून आधी दोन ओळींत विचारा, ते म्हणतील त्या कागदावर सही करा, मगच पाठवा. त्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये संहिता नोंदवून घ्या.

बारा पानं चालतील, पण पहिल्या पानावर ‘लहानपणीची आठवण’ नको. समोरचा विचारणार, आजच्या आठ वर्षांच्या मुलाने हे का बघावं? दीड-दोन मिनिटांचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं आवाजासह जोडून केलेला कच्चा व्हिडिओ, मात्र हवंच. तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही?

वैनगंगाकाठ:
दोघांचेही आभार. लाल पांडा काढून टाकते. तो तसाही हिमालयातला, पेंचमध्ये कुठून येणार?

तुमच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. किपलिंगच्या ‘दुसऱ्या जंगल बुक’मध्ये दुष्काळ पडतो, बालूच्या आवडीचा मोह फुलत नाही, नदी आटते आणि हाथी पाण्याचा तह पुकारतो. वाघ-हरणं एकाच डोहावर. मी लहानपणी आजीसोबत पहाटे मोहफुलं वेचायला जायची. ज्या वर्षी मोह फुलला नाही त्या वर्षीचं आजीचं तोंड मला अजून दिसतं. अ‍ॅनिमॅटिक तिथूनच सुरू करते: रिकामी टोपली, कोरडं पात्र, आणि पाण्यातून वर येणारा खडक.

जुना बोर्डवाला:
हेच पहिल्या पानावर घ्या. बोर्ड झाले की इथे टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बघून देतो.